भिंतीवरची बाई

मुकादम भय्याजीने जानरावच्या हातातला कोळसा हिसकावला आणि गोदामाची भिंत खराब केली म्हणून सगळ्यांसमोर त्याची खरडपट्टी काढली. तोवर चित्र पुरं झालं होतं. भिंतभर एका बाईचा चेहरा होता. कोळशाच्या रेघा, गालांना गेरू. रुंद कपाळ, मोठे डोळे, ओठांत दाबलेलं हसू.

भिलाईत कारखाना उभा राहत होता. मजुरांच्या कॅम्पात जिकडे तिकडे लाल धूळ आणि टिनाच्या झोपड्या. त्या धुळीतूनही तो चेहरा दुरून दिसायचा. पाळीवरून परतणारी माणसं थबकायला लागली. ही कोण, असं विचारलं की जानराव म्हणायचा, "आली मनातून."

तिला पहिल्यांदा हात जोडले अन्नपूर्णाबाईंनी. त्या कारखान्यातले कारकून नरहरी यांच्या पत्नी, वर्ध्याकडच्या. त्यांची लेक तापाने फणफणली होती, डॉक्टरांनीही आशा सोडली होती. त्या भिंतीसमोर बसून नवस बोलल्या आणि लेक उठून बसली. मग हळदकुंकू आलं, हार आले, चबुतरा बांधला गेला, वर छप्पर चढलं. आता भय्याजीच भिंतीला कोणाला हात लावू देईना.

नरहरींनी पुढाकार घेऊन जानरावचा सत्कार केला. शाल पांघरवली, एका इंजिनियर साहेबांनी फोटो काढला. एवढा मोठा कलाकार आपल्यात गिट्टी उचलून राहिला, म्हणून लोक हळहळले. नरहरींनी त्याला आडनाव विचारलं तेव्हा तो म्हणाला, नुसतं जानराव पुरे. चबुतऱ्यावर बोलावलं तर पायाला धूळ आहे म्हणून चढला नाही. लोकांना त्याचा हा साधेपणा फार आवडला.

रोज आरतीच्या वेळी तो गर्दीच्या मागे उभा राहायचा. पुढच्या बायका पदर पसरायच्या, आणि त्याचे डोळे भरून यायचे.

धानाची कापणी आटोपल्यावर त्याची बायको गुलाब भंडाऱ्याकडच्या गावाहून राहायला आली. तो तिला घ्यायला दुर्गच्या स्टेशनवर गेला. कॅम्प जवळ आला तसं तिला म्हणाला, पदर पुढे ओढून घे.

"कावून?"

"धूळ आहे बहुत."

त्याला वाटलं होतं, आरतीच्या आधी झोपडीत पोहोचू. पण गाडीला उशीर झाला होता, आणि वाट गोदामावरूनच जात होती. टाळ वाजत होते. गुलाबने मान वर केली आणि भिंतीकडे पाहतच राहिली. पदर कधी सरकला ते तिलाही कळलं नाही.

"अवो, हे तं मी आहो," ती म्हणाली.

टाळ थांबले. बायकांनी वळून पाहिलं. एकदा भिंतीकडे, एकदा तिच्याकडे. तेच कपाळ, तेच डोळे. जानरावने तिचा हात धरून पुढे ओढलं, पण अन्नपूर्णाबाई वाटेत आल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "माझी पोर तुझ्यामुळं वाचली गं," असं म्हणत त्या धुळीत बसल्या आणि दोन्ही हात त्यांनी गुलाबच्या पावलांवर ठेवले.

गुलाब गोंधळली. आजवर तिच्या पायाशी कोणी वाकलं नव्हतं. तिने हसऱ्या तोंडाने हात जोडले.

"जयभीम, बाई."

अन्नपूर्णाबाईंनी हात मागे घेतले आणि त्या हात धुवायला नळावर गेल्या. दिवेलागणीला भिंतीवर चुना फासला गेला. कुंचला जानरावच्याच हातात होता. तिचा चेहरा दुसऱ्या कोणाला त्याने पुसू दिला नाही.