हौसरावांची गाणी

पुस्तकाच्या कव्हरवर कवी म्हणून कुणाचं नाव टाकायचं, एवढंच विचारायला विश्वजीत आला होता. बाकी सगळं छापून तयार होतं. रांजणगावच्या कंपनीत शिफ्ट करून हा पठ्ठ्या शिरूरच्या लोककला मंडळाचं काम बघायचा. मेहमूद शाहिरांच्या गाण्यांचं पुस्तक काढायचं खूळही त्याच्याच डोक्यातलं.

"कार्यक्रमाच्या दिवशी सांगतो," शाहीर म्हणाले.

विश्वजीतला नवल वाटलं. यात सांगायचं काय राहिलं होतं? तीस वर्षं प्रत्येक कार्यक्रमात शाहीर आधी कान पकडायचे आणि म्हणायचे, "गाणी माझ्या गुरूची, हौसरावांची. माझा निस्ता गळा." दौंडजवळ भीमेकाठच्या झोपडीत राहणारे आंधळे हौसराव, त्यांच्या मालकिणीच्या हातचा खरडा आणि भाकरी, शेवटच्या आजारात शिष्याच्या पदरात टाकलेली गाणी, हे सगळं तालुक्याला पाठ होतं. कॅसेटच्या सुरुवातीलाही होतंच. ऐकताना बायका डोळ्यांना पदर लावायच्या.

आणि गुरूवाचून चालायचंही नाही म्हणा. फडावर समोरच्या शाहिराचा पहिला सवाल ठरलेला, तुझा गुरू कोण? उत्तर आलं नाही की 'निगुरा, निगुरा' म्हणून लोक हुर्यो करून खाली उतरवत. मेहमूदचा बाप कापूस पिंजत गावोगाव हिंडायचा, पोरगं गाद्या शिवायचं. घरात गाण्याचा गंध नव्हता. शिक्रापूरच्या पहिल्याच फडात त्याला तो सवाल आला, त्यानं हौसरावांचं नाव सांगितलं आणि त्या दिवशी फडही मारला.

ढोलकीवाला मच्छिंद्र शाहिरांच्या पोटातलं ओळखून होता.

"टाका की तुमचंच नाव. हौसराव काय उठून येणारेत व्हय?"

"न्हाई येणार," शाहीर म्हणाले.

"मग? तीस वर्षं गळा कुणाचा फाटला?"

शाहिरांना ते पटत होतं, हीच तर पंचाईत. साठी आली होती, आवाज बसायला लागला होता. उद्या डोळे मिटले की मागं काय राहणार, तर पुस्तकावरचं नाव. नातवंडं तेच वाचणार. हवं होतं त्यांना ते नाव, अगदी हावरटासारखं हवं होतं. कार्यक्रमाच्या सकाळी त्यांनी मनाचा हिय्या केला. आज स्टेजवर सांगून टाकायचं, कवी शाहीर मेहमूद. लोक काय, चार शिव्या देतील आणि घरी जातील.

आणि नेमका दुपारी विश्वजीत मोटारसायकलवर दारात हजर. मागं एक म्हातारी.

"शाहीर, ओळखा पाहू कोण! अहो, अनसाबाई! हौसरावांच्या मालकीणबाई! दौंडला स्टेशनमागं एकट्याच राहतात. किती शोधलं म्हणून सांगू!"

शाहिरांनी नुसतेच हात जोडले. म्हातारीनं मान वर केली नाही.

मच्छिंद्र कानाशी लागला. "घ्या. हौसराव न्हाई आले, बायकू धाडली."

संध्याकाळी मैदान भरलं. अनसाबाईंना पहिल्यांदा बोलायला उभं केलं. माईक बघून त्या आधी मागंच सरल्या. मग हळूहळू बोलल्या. "लई वाळकं पोरगं हुतं. मी खरडा-भाकर वाढायची. आमचं मालक म्हनायचे, अनसे, माझ्यामागं ह्यो पोरगा गानी जिती ठिवंल." एवढं बोलून त्यांनी शाहिरांकडं भीत भीत बघितलं. मैदानात टाळ्याच टाळ्या.

विश्वजीतनं माईक शाहिरांपुढं धरला. "आता कवीचं नाव शाहिरांच्याच तोंडून!"

शाहिरांनी म्हातारीकडं पाहिलं. विटलेलं लुगडं, त्यावर मंडळाची नवी कोरी शाल. शालीचं टोक तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. आपण स्वतःचं नाव घेतलं तर या बाईच्या हातात काय राहील? ओठावर आलेलं नाव त्यांनी गिळलं. फार जड गेलं ते.

मग त्यांनी कान पकडला.

"कवी हौसराव," ते म्हणाले. "गाणी गुरूची. माझा निस्ता गळा."

अख्खं मैदान उठून उभं राहिलं. विश्वजीत तर लहान पोरासारखा रडला. असा शिष्य आता होणं नाही, असं पाहुणे माईकवरून सांगत राहिले.

स्टेजमागं कनातीच्या आडोशाला शाहीर पाणी पीत होते, तर अनसाबाई येऊन त्यांच्या पायावर पडल्या.

"शाहीर, मला पोलिसात देऊ नका. मी त्यांची कुनी न्हवं. माझं लगीनच झालं न्हाई. तुमची कॅसेट ऐकून ऐकून समदं पाठ झालं हुतं. ह्यो पोरगा गल्लीत इचारत आला, हौसरावांचं कुनी हाय का? माझ्या तोंडून निघून गेलं, मी हाय म्हनून. जल्मात पयल्यांदा कुनीतरी हुडकत आलं, त्याचंच बरं वाटलं बगा."

"उठा, उठा."

"तुमी बगताच वळखलं आसंल. तरी चारचौघांत झाकलंत. त्यांच्या खऱ्या मालकिणीचा, त्या माउलीचा मान मी खाल्ला, शाहीर. कुठं ऱ्हाती ती? मला तिच्याकडं न्या. पाया पडून माफी मागते."

शाहीर तिच्याशेजारी जमिनीवरच बसले. बाहेर हौसरावांच्या नावाचा जयजयकार चालला होता.

"कुणाची माफी मागताय, आक्का?" ते म्हणाले. "हौसराव म्हणून कुणी कधी जन्मालाच आला न्हाई. समदी गाणी माझी हायत."