बिनदुधाचं घर

पाणी उकळायला लागलं आणि मावशीच्या लक्षात आलं, सकाळी काजू भिजवायचे राहिले. राहिले की राहू दिले, हे तिचं तिलाच ठाऊक.

मावशी म्हणजे या घरातली दुसरी बायको. आठ वर्षांची ठकी तिला मावशी म्हणते, म्हणून सगळेच म्हणतात. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासून यायचं, पर्स खांद्यावरून उतरायच्या आधी गॅसवर पाणी चढवायचं, त्यात पास्ता टाकायचा आणि तो शिजेपर्यंत भिजलेले काजू न् लसूण मिक्सरमधून फिरवायचे. वर पास्त्याचंच वाटीभर पाणी. पांढराशुभ्र, दाट सॉस तयार, आणि दुधाचा एक थेंब नाही. कामाच्या दिवशी यापेक्षा झटपट काही होत नाही, हे मावशीलाही मान्य होतं.

पण ही कृती पहिल्या बायकोची, ठकीच्या आईची. पहिलीला दूध चालत नव्हतं. घरात नुसतं तापत असलं तरी तिचा घसा सुजायचा. ती गेली ती वेगळ्याच दुखण्यानं, दुधाचा त्यात काही हात नव्हता. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. इथे तोंड पोळलेलं माणूस केव्हाच गेलं होतं आणि मागे राहिलेले फुंकत बसले होते.

मावशीनं पिशवीतून क्रीमचा छोटा डबा काढला आणि ओट्यावर ठेवला. दोन दिवस तो दुकानातल्या फ्रिजमध्ये पडून होता, घरी आणायचा धीर होत नव्हता.

"आज मिक्सर नाही लावायचा?" टेबलाशी चित्र रंगवत बसलेल्या ठकीनं विचारलं.

"नाही. आज क्रीम घालणार आहे. दुधाचं."

ठकीनं खडू खाली ठेवला. तेवढ्यात नवरा आत आला. त्याची बाही कोपरापर्यंत ओली होती. लिफ्टदुरुस्तीच्या कामावर तो दुधाची कॉफी प्यायचा आणि वर येण्याआधी तळमजल्यावरच्या नळाशी हात धुऊन, खळखळून चूळ भरायचा. लग्नानंतर कितीतरी दिवस मावशीला वाटत होतं, माणूस भारी स्वच्छतेचा आहे.

"बाबा, मावशी दूध घालतेय."

त्यानं डब्याकडे पाहिलं. "काजू संपले का?"

"डबाभर आहेत. भिजवलेले नाहीत."

"कोरडेच फिरवले असते तर..."

"तर दाताखाली कचकच आली असती." मावशी पास्ता ढवळत राहिली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "या घरात एकदा तरी मला माझ्या पद्धतीनं काहीतरी करू दे. मी पाहुणी आहे का?"

तो नाही म्हणाला नाही. "कर," एवढंच म्हणाला, आणि जाऊन खिडकी उघडली.

क्रीम कढईत परतलेल्या लसणावर पडलं. गोडसर, स्निग्ध वास स्वयंपाकघरभर पसरला. तिघंही क्षणभर कान देऊन थांबली, कुणाला खोकला लागतो की काय म्हणून. कुणाला काही झालं नाही. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, त्याचा आवाज तेवढा येत होता.

जेवायला बसले. ठकीनं पास्त्याची एक नळी काट्याला टोचली, हुंगली, तोंडात घातली. मग दुसरी. मग मान खाली घालून ती भराभर खायला लागली. वाढून घेतलं, पुन्हा वाढून घेतलं, आणि शेवटी बोटानं ताटली निपटून काढली. मावशीच्या जिवात जीव आला. एवढ्याशा गोष्टीसाठी आपण इतके दिवस घाबरत होतो, याचं तिला हसू आलं, आणि थोडं रडूही.

"आवडलं?"

"खूप," ठकी म्हणाली आणि खुर्चीवरून उतरली. हात न धुताच बाहेरच्या दाराशी गेली, टाचा उंचावून कडी काढली आणि दार अर्धवट उघडलं. बाहेर जिना होता आणि जिन्यातला पिवळा दिवा. ठकीनं मान बाहेर काढली.

"आई, आज आत नको येऊ. आज दूध आहे."

ती जरा थांबली. फोनवर समोरच्याचं बोलणं ऐकावं तशी थांबली.

"हो, मी खाल्लं. आवडलं मला. तू रागावू नकोस हं. मावशीला माहीत नव्हतं तू रोज येतेस ते."

मावशीनं हातातला काटा खाली ठेवला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो काट्यानं ताटलीतला शेवटचा तुकडा इकडून तिकडे सरकवत होता. घाबरलेला दिसत नव्हता. त्याला नवलही वाटलेलं दिसत नव्हतं.

मावशी उठली. दारापर्यंत गेली आणि ठकीच्या मागे उभी राहिली. जिना रिकामा होता. वरच्या मजल्यावर कुणाचा तरी टीव्ही चालू होता. पोरीला आत ओढावं, दार लावावं, चांगलं दटावावं, असं तिच्या मनात आलं. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"काय म्हणाली?"

"विचारतेय, उद्या आली तर चालेल का."

ठकी दार धरून उभी राहिली. टेबलाशी नवऱ्यानंही मान वर केली. दोघंही मावशीच्या तोंडाकडे बघत होती.