पेटीची साक्ष

गादीवरून उठायची कसुबाला परवानगी नव्हती. नवऱ्याला पुरून आल्यापासून ती दिवाणखान्यातल्या त्याच गादीवर होती. डोक्यावरून चितेंगेचं कापड, पाठीला भिंत. सोफे बाहेर अंगणात काढले होते आणि भोवती सासरच्या बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. मोरीत जायचं तरी एक नणंद सोबत यायची. शुद्धीचा विधी होईपर्यंत विधवेनं घरातल्या कशालाही हात लावायचा नाही, नवऱ्याच्या वस्तूंना तर नाहीच नाही.

आणि आता ते घरच हातचं चाललं होतं.

दीर मुसोंडानं सकाळी सगळ्या नातेवाइकांच्या फोनवर एक रेकॉर्डिंग पाठवलं होतं. त्यात कसुबाच्या नवऱ्याचा, कपेम्बवाचा आवाज होता. "माझं काही बरंवाईट झालं तर कित्वे शहरातलं घर मुसोंडाचं. कसुबानं माहेरी जावं." गेल्या महिन्यात भावानं आपल्या फोनवर हे बोलून ठेवलं आणि जसंच्या तसं मला दिलं, असं मुसोंडाचं म्हणणं.

आवाज हुबेहूब त्याचाच. पण मुलगी झाल्यापासून कपेम्बवानं बायकोला एकदाही नावानं हाक मारली नव्हती. बानाचोला, म्हणजे चोलाची आई. भांडतानासुद्धा तेच. कसुबानं हे सांगितलं तर नणंद फिसकन हसली.

"मरणाचं बोलताना माणूस लाडात येतो का गं वहिनी?"

कसुबानं नजर वळवली. समोर टीव्हीखाली ती काळी पेटी होती.

कपेम्बवा खाणीच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायचा. मित्र जेरेला हाताशी धरून त्यानं ही पेटी घरीच जुळवली होती. तो संध्याकाळी दारात पाऊल टाकायचा आणि फोनमधलं दिवसभराचं सगळं आपोआप तिच्यात जायचं. रेकॉर्डिंग खरं असेल तर ते पेटीत असायलाच हवं होतं. पण फोन अपघातात चिरडला होता, आणि पेटीतलं बाहेर काढायला लागणारा लांबलचक आकडा फक्त कपेम्बवाला पाठ होता. तो त्याच्याबरोबरच गेला. आता पेटीला एकच गोष्ट विचारता येत होती: हे तुझ्याकडे आहे का?

ते कसं विचारायचं हे कसुबाला माहीत होतं. लग्नाचा एकच व्हिडिओ तीन नातेवाइकांनी दिला तेव्हा कपेम्बवानं तिला गंमत दाखवली होती. पेटीनं पहिला घेतला, बाकी दोन्हींना म्हणाली, नवीन काही नाही.

"ही नाव बघत नाही, तारीख बघत नाही, कुणी दिलं ते विचारत नाही," तो म्हणाला होता. "आत काय आहे तेवढंच बघते. एक श्वास जरी इकडचा तिकडे झाला तरी हिच्या लेखी ते वेगळं. ओळखीचं नसेल तर ठेवून घेते. आणि एकदा गिळलं की मलासुद्धा पुसता येत नाही."

"म्हणजे तुझ्या आईसारखीच," कसुबा म्हणाली होती, आणि दोघं पोट धरून हसले होते.

दुपारी बायका मक्याच्या पिठाची न्शिमा ढवळायला मागच्या अंगणात गेल्या. नणंद भिंतीला टेकून घोरायला लागली. कसुबानं कापडाखाली लपवलेला फोन काढला. उठायचीही गरज नव्हती. मुसोंडाचं रेकॉर्डिंग तिनं बसल्या जागेवरून पेटीकडे पाठवलं.

पेटीचा हिरवा दिवा लुकलुकला. फोनवर ओळ आली: नवीन आहे.

कसुबाला हुंदका फुटला. नणंद दचकून जागी झाली आणि तिची पाठ चोळायला लागली. तिला वाटलं, वहिनीला आता कुठे दुःख कळतंय. कसुबा मात्र आनंदानं रडत होती. कपेम्बवा असं काही बोललाच नव्हता.

पण तिच्या एकटीच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? वर फोनला हात लावला म्हणून बोल लावला असता तो वेगळाच. हे सगळ्यांच्या देखत व्हायला हवं होतं.

संध्याकाळी बैठक बसली. कपेम्बवाचे मामा मधोमध बसले. त्या घराण्यात मामाचा शब्द शेवटचा.

"मामा, पेटीला विचारा," कसुबा म्हणाली.

मुसोंडाचा चेहरा उतरला. "मेलेल्याच्या यंत्राला काय विचारायचं?"

"घाबरतोस काय रे माकडखाऊ?" जेरे दारातून ओरडला. "ते काही चावत नाही!"

माणसं खो खो हसली. जेरे न्गोनी जमातीचा, हे घराणं बेंबा जमातीचं. बेंबांच्या मयताला न्गोनीनं थट्टा करायची आणि बेंबांनी ती ऐकून घ्यायची, हे चालतच आलेलं.

"जेरे, तू ना तिचा ना याचा," मामा म्हणाले. "तूच विचार. पेटी म्हणेल ते दोघांना मान्य?"

"मान्य!" कसुबा लगेच म्हणाली. मुसोंडालाही मान हलवावी लागली.

"पुरून आल्यापासून कुणी पेटीच्या वाटेला गेलं नाही ना?"

उद्या मुसोंडाला पळवाट नको, असं कसुबाच्या मनात आलं. "कुणीही नाही, मामा. ती सारखी माझ्या डोळ्यांसमोर आहे आणि मी इथून हललेले नाही. चोलाची शपथ."

"खरंय," नणंद म्हणाली. "मी साक्षीला आहे."

जेरेनं मुसोंडाचं रेकॉर्डिंग पेटीकडे पाठवलं. हिरवा दिवा लुकलुकला. मुसोंडा सारखा दाराकडे बघत होता. कसुबाला त्याची थोडी कीवच आली.

जेरेनं फोनवरची ओळ वाचली. मग पुन्हा वाचली. कसुबाकडे बघायचं टाळत तो हळूच म्हणाला,

"मामा, नवीन काही नाही. हे पेटीत आधीपासून आहे."