नमद्याला भोक

गणराजने घोडी टेम्पोतून उतरवली आणि गिरजाबाईच्या दुकानासमोर आणून उभी केली. घोडी दारात आणल्याशिवाय इथे खोगीर मिळत नाही, हे काळेवाडीपासून तळेगावपर्यंत वरातीला घोडी देणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होतं. फोनवर सांगितलेलं माप ती ऐकून घ्यायची नाही. फोटो तर बघायचीच नाही.

चाकणच्या त्या रस्त्यावर कंटेनर एकामागे एक अडकून पडले होते. हॉर्न कोकलत होते. घोडीला त्याचं काही नव्हतं. डीजेपुढे उभं राहून तिचे कान कधीच मेले होते.

गिरजाबाईने नमदा उचलला. खोगिराखाली घालायची ही लोकरीची जाड गादी. त्याच्या खालच्या अंगाला तिने कोळशाची पूड फासली. काळ्या घोड्याला पीठ, पांढऱ्याला कोळसा. पाठीवर ठेवायचं, वरून खोगीर, दोन्ही हातांनी दाबायचं, उचलायचं. काळं कुठे उमटलं ते बघितलं की भार कुठे पडतो ते कळतं. दुकानाला याच्यावर काही लागत नाही असं तिचं मत. काचेची कपाटं ज्याला पाहिजेत त्याने मॉलमध्ये जावं.

तिने दाबलं तशी घोडी मागच्या पायांवर खचली.

नमदा उचलला. मानेच्या मागे, जिथे पाठीचं हाड वर येतं, तिथे पुडीचा चिखल झाला होता. गिरजाबाईने बोट लावून नाकाशी नेलं. पुवाचा वास, आणि त्यावर तान्ह्या पोराच्या अंगाला लावतात त्या पावडरीचा.

"पावडर थापून आणलीस व्हय रं?"

 गणराज खाली बघत सांगू लागला. मोशीला लॉनवर संध्याकाळी वरात आहे. नवरदेव कंपनीत इंजिनिअर, अंगाने चांगला भरलेला. त्याच्या मित्रांना घोडी नाचलेली पाहिजे.

गिरजाबाई म्हणाली, हिला तीन आठवडे उघड्या पाठीनं सोडायला लागेल, आज दुसऱ्या कुणाची घोडी ने. ऐन लग्नसराईत रिकामी घोडी कुणाकडे असते, असं त्याने विचारलं. एकदा नाही म्हटलं की इव्हेंटवाला नंबर काढून टाकतो, पुढच्या तारखा दुसऱ्याला. घरात खाणारी सहा तोंडं, सातवं घोडीचं. तो खोटं बोलत नव्हता. गिरजाबाईला त्याचाच जास्त राग येत होता.

"खोगीर न्हाई मिळायचं," ती म्हणाली.

"नका देऊ, मावशी. जुनं हाय टेम्पोत. त्येच घालतो."

ती टेम्पोपाशी गेली. जुन्या खोगिराचं लाकूड मधोमध तडकलं होतं आणि खालून एक खिळा बाहेर आला होता. खिळ्याला पांढरे केस चिकटले होते.

ती तिथेच उभी राहिली. आपण नाही म्हटलं तर आपलं दुकान स्वच्छ. आणि संध्याकाळी हा खिळा, त्यावर तो इंजिनिअर, आणि तीन तास नाच. लोक मोठ्या तोंडाने तत्त्व म्हणतात. तत्त्व दुकानदाराचं राहतं, पाठ घोडीची जाते.

गिरजाबाई परत येऊन खाली बसली. पुडीचा चिखल जिथे झाला होता तिथे नमद्यावर खडूने गोल ओढला आणि रापी चालवली. कातडं कापायची ती रापी लोकरीत करकरत गेली. तळहाताएवढा तुकडा निघाला. कड सुटू नये म्हणून तिने ती शिवून घेतली. दोन्ही अंगांना नमद्याचा आणखी एक थर टाचला, म्हणजे खोगीर अधांतरी राहील आणि जखमेला शिवणार नाही. असलं काम तिने उभ्या जन्मात केलं नव्हतं. दुखऱ्या पाठीवर खोगीर चढवणाऱ्याला तिने या दारातून शिव्या घालून हाकललं होतं.

जखम पुसली, हळद भरली, नमदा ठेवला. वर दुकानातलं नवं खोगीर. पोटाखालून तंगाचा पट्टा ओढला. तिने जोर लावून दाबलं.

घोडी हलली नाही. तिने नाकातून लांब श्वास सोडला आणि मान खाली घालून रस्त्याकडेचं धुळीने माखलेलं गवत ओढू लागली. गिरजाबाईने तिच्या मानेवर हात ठेवला. थोडा वेळ तिला स्वतःलाही बरं वाटलं.

"आजच्यापुरतं हाय हे," ती म्हणाली. "उद्यापास्नं तीन आठवडे हिच्या पाठीवर माशी जरी बसली तरी मला सांगायचं."

गणराज मान डोलावत होता. तंग सैल करून, नमद्यासकट खोगिराची एक बाजू उचलून तो खालून भोकाचा फोटो काढत होता. मग त्याने फोन लावला.

"धोंडीबा, आठ दिस झालं घोडी दावणीला बांधून बसलायस न्हवं? सोड तिला. गिरजामावशीनं इलाज काढलाय. जखम आसंल तिथं भोक, वरनं झूल, कुणाच्या बापाला कळत न्हाई. आसं दुकान सगळ्या पट्ट्यात न्हाई राव."

"फोन ठेव," गिरजाबाई म्हणाली.

गणराजने फोन कानावरून काढला, पण बंद केला नाही. तिच्यापुढे धरला.

"मावशी, त्याच्या घोडीला दोन जागी हाय. विचारतोय, एकाच नमद्यात दोन भोकं बसत्यात का?"