मुठीच्या आत

"याची शेपटी आखूड कर," सोजरबाई म्हणाली. "अर्ध्यात तोड. वरून कोनाले दिसली नाई पाह्यजे."

चतुराच्या हातात सुरा होता. पातं तयार होतं, मूठ बसायची राहिली होती. पात्याच्या मागं निघालेल्या निमुळत्या पट्टीला लोहाराच्या घरात शेपटी म्हणत. पात्याला ओला फडका गुंडाळायचा, शेपटी लाल तापवायची, बाभळीच्या मुठीत आरपार घालायची आणि पलीकडून निघालेलं टोक ठोकून चेपायचं. मग हाड लागो की दगड, पातं मुठीतून सुटत नाही. केनवडच्या बाजारात रामधन लोहाराचं नाव होतं ते या शेपटीवर. घण त्याचा, मूठ त्याच्या बायकोची, चतुराची.

आज रामधन कोळसा आणायला वाशीमला गेला होता. सोजरबाई ते पाहूनच आली होती.

"काकी, हा त तुमच्या दौलतरावाचा सुरा. कंदुरीच्या बोकडासाठी पाह्यजे म्हनत होते."

"कंदुरी माघातच झाली व माय. आता कोनतं बोकड कापते तो?"

कोणतं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. दौलतराव आणि त्याचा चुलतभाऊ जगदेव यांची विहीर एक. मोटेची पाळी वाटून घेतलेली. चार दिवसांपूर्वी दौलतरावाच्या पाळीला मोटेचा जाड दोर, नाडा, तुटला, बैल तोंडावर पडला आणि त्याचा पाय मोडला. नाडा तुटला नव्हता, कापला होता. दौलतराव चावडीसमोर पाच माणसांत बोलला, येत्या बाजारी हिशेब. बाजार उद्या होता.

"आखूड शेपटी नुसती लाखेवर तगते," सोजरबाई म्हणाली. "पह्यल्याच हिसक्याले मूठ हातात आन पातं खाली. मले ठावं हाय. माहा इळा तसाच गेलता, ज्वारी कापतानी."

"आन यायले समजलं त? मले घराबाहीर काढतीन. आमचं नाव जाईन, काकी."

"तुमचं नाव जाईन. माहा लेक फासावर जाईन."

चतुरानं पातं खाली ठेवलं. तिला नवऱ्याची भीती अडवत नव्हती, दुसरंच काही अडवत होतं. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं पहिलं सांगितलं होतं ते हेच, की आपल्या भट्टीतून कोण काय करून नेतं हे दुसऱ्याच्या कानावर घालायचं नाही. लोहाराचं तोंड सुटलं की गाव पेटतं.

जगदेव तीन दिवसांपूर्वी आला होता. तेवढ्याच लांबीचा सुरा आणि तेच बोकडाचं निमित्त. तिकडं दूरदेशी लढाई सुरू झाल्यापासून लोखंड मिळेनासं झालं होतं. एका मोडक्या मोटारीची पोलादी कमानपट्टी पडली होती, तिच्यातूनच रामधननं दोघांची पाती काढली. जगदेवाची मूठ चतुरानंच बसवली, आरपार, टोक चेपून. काल सकाळी तो सुरा घेऊन गेलाही.

आता ही शेपटी तोडली, तर दौलतराव रिकाम्या हातानं त्या सुऱ्यापुढं उभा राहणार. नाही तोडली, तर जगदेवाचा मुडदा पडणार. आणि ही म्हातारी पदर पसरून आपल्याच लेकाचं मरण मागत होती. तिला ते ठाऊक नसणार.

भट्टीतल्या निखाऱ्यांवर राख धरू लागली. सोजरबाई उठायचं नाव घेईना.

"काकी," चतुरा शेवटी बोलली, तेही ऐरणीकडं पाहत. "जगदेवानंही नेला एक. काल. त्याची शेपटी आरपार हाय. म्याच बसवली."

तिला वाटलं, आता ही ऊर बडवून घेईल. सोजरबाईनं कमरेला खोचलेला पदर सोडला. आतून एक जुनेराची गुंडाळी काढली आणि ऐरणीवर उलगडली.

जगदेवाचा सुरा होता. चेपलेलं टोक चतुरानं लगेच ओळखलं.

"कोठीमांगं लपवला होता. तो वावरात गेला आन म्या घरात शिरली. त्या घरचं कुत्रं मले भुकत नाई." सोजरबाईनं दोन्ही सुरे तिच्याकडं सरकवले. "दोन्हीयची तोड. दिवस बुडाच्या आत मले हा जाग्यावर ठेवाचा हाय."

चतुरानं भाता ओढला. तापवून चेपलेलं टोक सोडवलं, मूठ उपसली. छन्नीनं दोन्ही शेपट्या बोटभर ठेवून बाकीच्या उडवल्या. भोकांत लाख ओतली, पाती बसवली. मुठींच्या मागच्या टोकांना एकेक खिळा ठोकून असा चेपला, की रामधननं हातात घेतला असता तरी फसला असता. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं इतकं मन लावून खोटं काम केलं होतं.

दौलतरावाचा सुरा तिनं फळीवर ठेवला. संध्याकाळी तो न्यायला येणार होता. जगदेवाचा सोजरबाईनं पुन्हा गुंडाळून पदराआड केला.

"सुरे मोडल्यानं ते थांबतीन काय, काकी?" चतुरा म्हणाली. "नुसत्या हातानं जीव घेतीन एकमेकाचा."

सोजरबाई दारात थांबली. हसली नाही, रडलीही नाही.

"जगदेवाची माय त्याच्या बाळंतपनात गेली. दोघंबी एकाच टायमाले माह्या मांडीवर, एका थानाले हा, एका थानाले तो," ती म्हणाली. "तवापासून एकमेकाले लाथा मारून राह्यले. हातानं लढले त परवडते मले."