शेवट चुकवू नका

पाचवी गोष्ट काही केल्या सापडेना.

चार तयार होत्या. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. मातीच्या पाटीवर कोरलेलं हजारो वर्षांपूर्वीचं गाणं सापडलं आहे. एक प्राणी चौकोनी लेंड्या टाकतो. पहिला वेबकॅम कॉफीच्या भांड्यावर रोखला होता, कारण कॉफी संपली का हे उठून बघायचा संशोधकांना कंटाळा. असल्या पाच गमती इंटरनेटवरून वेचून रोज हजारो वाचकांना पाठवायच्या, हा ज्ञानकोशाचा धंदा. हे नाव त्याला शेजाऱ्यांनी ठेवलेलं. कौतुकानं, असा त्याचा समज. संध्याकाळ होत आली होती आणि टेबलाखाली त्याचा पाय शिलाई मशीन चालवल्यासारखा हलत होता.

“अहो, मी निघते,” बायको दारातून म्हणाली.

तेवढ्यात मेल आली. कुणा अनोळखी वाचकानं एक लिंक पाठवली होती. एका बाईनं घरातल्या प्राण्याच्या नोंदी ठेवल्या होत्या. ‘दिवसभर उजेडाकडे तोंड करून बसतो. पुढ्यात ठेवलेलं न बघता खातो. कालचं ठेवलं तरी खातो. दोन हाकांना दाद देत नाही. तिसरीला घशातून बारीक आवाज काढतो.’

ज्ञानकोश खुर्चीतच उडाला. घबाडच! कासव असणार. नाहीतर घुबड.

“ऐकलंत का? ताईकडे चाललेय. मोठी बॅग घेऊन.”

नोंदी मारुतीच्या शेपटासारख्या लांबत गेल्या होत्या. पण शेवटपर्यंत वाचत बसलं तर पाच गोष्टी पाठवायच्या कधी? त्यानं कासवावर शिक्कामोर्तब केलं आणि खाली नेहमीची ओळ टाकली: ‘शेवट चुकवू नका!’

“माझी किल्ली टेबलावर ठेवलीय.”

“हं,” म्हणत त्यानं बटण दाबलं.

दार लागलं. उद्याच्या पहिल्या गोष्टीसाठी त्याची बोटं शिवशिवू लागली होती, तोवर उत्तरं येऊन धडकली. एरवी वाचक अंगठ्याचं चित्र टाकून मोकळे व्हायचे. आज वाक्यं होती.

‘कासव? साहेब, स्वतः वाचलंत का?’

‘शेवट दोनदा वाचला.’

‘अहो, तिला कुणीतरी थांबवा!’

कासवाला कशाला थांबवायचं? ते असंही कुठे पळणार आहे? वैतागून तो खाली खाली सरकत गेला.

‘हा पूर्वी असा नव्हता. लग्नाआधी मला ग्रहण दाखवायला गच्चीवर न्यायचा, आणि ग्रहण सोडून माझ्याकडेच बघत बसायचा.’

त्याचा पाय हलायचा थांबला.

सर्वांत खाली आजची नोंद होती. ‘निघताना तीनदा सांगणार आहे. एकदा जरी मान वर केली, तर बॅग परत माळ्यावर.’

ज्ञानकोशानं मान वर केली.