लवीनासाठी

रिट्रीटच्या, म्हणजे कॉलेजच्या प्रार्थना-शिबिराच्या, शेवटच्या सकाळी चॅपेलच्या उघड्या खिडक्यांतून समुद्रावरचं धुकं आत आलं होतं. बाकांवरच्या कॉलेजच्या मुली त्यात तरंगत असल्यासारख्या दिसत होत्या. एकेक जण उठून कुणासाठी तरी प्रार्थना मागायची आणि बाकीच्या म्हणायच्या, "प्रभो, आमची प्रार्थना ऐक."

जेसिंता उठली. आजीच्या गुडघ्यांसाठी मागायचं तिने ठरवलं होतं, पण ओठांवर वेगळंच आलं. "मागे बसलेल्या लवीनासाठी. माझं प्रेम आहे तिच्यावर. मैत्रिणीसारखं नाही."

आता घरी फोन जाणार, कॉलेज सुटणार, असं वाटून तिने डोळे मिटले.

मग प्रिन्सिपल सिस्टरांचा थकलेला आवाज आला, "प्रभो, आमची प्रार्थना ऐक." पाठोपाठ एकेक आवाज त्यात मिसळत गेला. सगळ्यांत शेवटी, हळूच, लवीनाचाही.